मिरजेचा दवाखाना आणि बालगंधर्वांचा कान

मराठी रंगभूमीवरची सर्वांत गाजलेली नायिका एक पुरुष होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या नायिकेच्या कारकिर्दीची सुरुवात कानाच्या दुखण्यातून झाली, हे फारसे सांगितले जात नाही. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा मिरजेला आला तो नाटकात काम करण्यासाठी नव्हे. तो आला होता डॉक्टरांना कान दाखवायला.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस कुटुंबाचे मूळ गाव कृष्णाकाठचे नागठाणे. आज ते सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येते. मुलाचा गळा लहानपणापासून गोड होता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले. हे नाव जन्मभर टिकले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही त्याचे गाणे ऐकले. गळा उत्तम, पण कानाचे दुखणे आहे, ऐकायला कमी येते, हे महाराजांच्या लक्षात आले. त्यांनी नारायणला उपचारासाठी मिरजेला पाठवले.

मिरजेला पाठवण्याचे कारण होते डॉ. विल्यम वॉनलेस. कॅनडात जन्मलेले हे मिशनरी शल्यविशारद १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण तिथे येऊ लागले. आज मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात, त्या लौकिकाचा पाया वॉनलेस यांच्या काळात घातला गेला.

त्या काळी कानाचे दुखणे ही साधी गोष्ट नव्हती. कानाचे तीन भाग असतात. बाहेरचा कान आवाज गोळा करतो. मधल्या कानात पडदा आणि तीन इवलीशी हाडे असतात. ती आवाजाची कंपने पुढे पोचवतात. आतल्या कानातला शंख या कंपनांचे रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात करतो. लहान मुलांचा त्रास बहुतेक वेळा मधल्या कानाचा असतो. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी-पडशातला जंतुसंसर्ग सहज कानात पोचतो. पू साठतो, पडद्याला भोक पडते, कान वाहतो आणि ऐकू येणे कमी होते. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये आणि ते सर्रास वापरात आले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्याआधी कानातला पू मागच्या हाडात आणि तिथून मेंदूपर्यंत गेला तर जीव जाण्याची भीती असे. म्हणून वेळेवर शिकलेल्या डॉक्टरकडे पोचणे, हाच मोठा उपचार होता.

गायकासाठी तर कान हा गळ्याइतकाच महत्त्वाचा. स्वरयंत्रातून सूर निघतो, तो कान ऐकतो, मेंदू तपासतो आणि सूर जरा जरी हलला तरी स्वरपट्ट्यांचा ताण लगेच बदलतो. हे चक्र गाताना सतत, नकळत चालू असते. ऐकू कमी येऊ लागले की माणूस नकळत आवाज चढवतो. गायकाने असे केले तर गळा थकतो आणि सुरातला हळुवारपणा जातो. बालगंधर्वांची सगळी कीर्ती याच हळुवारपणावर उभी राहणार होती.

योगायोग असा, की किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम त्या वेळी मिरजेतच होता. नायिकेची कामे करणारे मंडळींचे लाडके गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती. शाहू महाराजांच्या शिफारशीने नारायण मंडळीत आला. १९०५ मध्ये ‘शाकुंतल’मधली शकुंतला ही त्याची पहिली भूमिका ठरली. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखे जाणते नाटककार आणि तालीममास्तर त्याला लाभले. पुढे भास्करबुवा बखले यांच्याकडे गाण्याची तालीम झाली.

सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी लिहिलेले ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द करण्याची तयारी असतानाही ते भामिनी म्हणून उभे राहिले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आली. १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू आली. दारूने घर कसे बुडते हे व्याख्यानांपेक्षा या सिंधूने अधिक लोकांपर्यंत पोचवले. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा घरोघरच्या बायका उचलू लागल्या.

हे सगळे ध्वनिक्षेपक नसताना चालले होते. नाटक रात्री उशिरा सुरू होई आणि ‘वन्स मोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत लांबे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा तर ओरडून भागत नाही. आपल्या कानाची रचना अशी आहे, की सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांचे आवाज त्याला सर्वांत स्पष्ट ऐकू येतात. तालमीत तयार झालेला गळा नेमक्या याच पट्ट्यात गुंज निर्माण करतो. मग आवाज मोठा न करताही दूरवर जातो. पुरुषाच्या स्वरपट्ट्या लांब आणि जाड असल्याने त्याचा बोलण्याचा सूर साधारणपणे बाईच्या सुराच्या निम्म्या कंपनांचा असतो. वयात आल्यावर फुटलेल्या आवाजाला खोटा बारीकपणा न आणता, केवळ शब्दफेक आणि मार्दव यांवर स्त्री उभी करणे हे कष्टाचे काम होते. नकली बारीक आवाज रात्र रात्र काढला असता तर गळा काही वर्षांतच बसला असता.

बोलपट आले आणि नाटक कंपन्या अडचणीत आल्या. गंधर्व मंडळी तर आधीपासूनच कर्जात होती. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले. मग पडद्यावर मीराबाईही साकारली. पण कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्यांत गाणे त्यांना मानवले नाही. समोरच्या माणसांची दाद कानावर पडली की त्यांचे गाणे फुलत असे. स्टुडिओत ती दाद नव्हती. ते पुन्हा रंगमंचावर परतले.

उतारवयात त्यांच्या पायांतली ताकद गेली. ज्या माणसाने उभे राहून रात्री जागवल्या, त्याला आता दुसऱ्यांनी उचलून न्यावे लागे. तरी बसून भजन म्हणणे थांबले नाही. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच १९६४ मध्ये पत्नी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले. पुण्यात आणि मिरजेतही त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे.

नारायणच्या बाबतीत एका जाणत्या माणसाच्या लक्षात आले आणि दवाखाना पन्नासेक किलोमीटरवर होता. आज दवाखाना जवळ आहे. लक्षात येणेच राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषामुळे उपचाराची किंवा साधनांची गरज आहे. मुलांमधला बराचसा बहिरेपणा टाळता येण्याजोगा असतो.

मूल हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, वर्गात मागे पडत असेल किंवा बोलायला उशीर करत असेल, तर हट्टी किंवा मंद म्हणण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत. कान वाहत असेल तर त्यात गरम तेल, लसणाचे तेल किंवा कुणी सांगितलेला रस घालू नये. काडी, पिन घालू नये. आंघोळीचे पाणी कानात जाऊ देऊ नये आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. पडद्याला पडलेले भोक आता शस्त्रक्रियेने बुजवता येते. नवजात बाळाच्या श्रवणाची तपासणी काही मिनिटांत आणि बाळाला न दुखवता होते. जन्मतः बहिरेपण असेल तर पहिल्या काही महिन्यांत कळणे महत्त्वाचे, कारण मेंदू भाषा शिकतो तो याच काळात.

मिरजेच्या दवाखान्यात गेलेल्या त्या मुलाचे कान दुर्लक्षित राहिले असते, तर शकुंतला, भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू कदाचित वेगळ्याच आवाजात ऐकू आल्या असत्या. प्रत्येक मूल बालगंधर्व होणार नाही. पण शाळेतला फळ्यावरचा धडा आणि आईची हाक नीट ऐकू येणे, हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे.