पाण्याचा जोर ओळखणारे इंजिनिअर : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबरला आपण शाळेत अभियंता दिन साजरा करतो. फोटोला हार घालतो, दोन मुलं भाषण करतात, म्हैसूरचे दिवाण, भारतरत्न एवढं सांगून होतं आणि मुलं वर्गात परत जातात. आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलांना मात्र या माणसाची ओळख वेगळ्या तऱ्हेने करून द्यायला हवी असं मला वाटतं. आपली मुलं धरणांच्या कुशीत वाढतात. कुणाच्या आजोबांचं गाव भाटघरच्या पाण्याखाली आहे, कुणाचं पानशेतच्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. शाळेत असतानाच वडील गेले. बंगळुरात शिकवण्या घेत घेत त्यांनी बी. ए. केलं. पुढे म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक, खानदेश, सक्कर, सुरत अशा बदल्या झाल्या. धुळ्याकडे असताना त्यांनी ओढ्याखालून नळ नेऊन पाणी पलीकडे चढवलं. पाणी आपली पातळी शोधतं हा आपला सहावी-सातवीचा धडा, तो त्यांनी प्रत्यक्ष जमिनीत पुरून दाखवला!

खरी गंमत पुढे आहे. १८९९ च्या सुमारास ते पुण्यात आले आणि मुठेवरचं खडकवासला धरण त्यांच्या देखरेखीखाली आलं. तलावाला तेव्हा लेक फाईफ म्हणत. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई. म्हणून दरवर्षी सांडव्याच्या माथ्यावर मातीचा बांध घालत, तो पुरात जाई, पुन्हा घालत.

मग धरणाची उंचीच का वाढवू नये? मुलं हमखास हे विचारतात. इथे थांबा आणि प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये, खाली अशी तीन भोकं पाडून पाणी भरा. खालची धार सर्वांत जोरात बाहेर येते. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, तलाव किती लांब पसरलाय त्यावर नाही. दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर साधारण दहा टनांचा रेटा असतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट. म्हणूनच दगडी धरणाची भिंत खाली रुंद, वर निमुळती असते. जुन्या भिंतीवर चार थर चढवून तिला जास्त पाणी पेलायला लावणं हा जिवाशी खेळ.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. पूर येतो तेव्हा पाणी सांडव्याच्या माथ्यापेक्षा बरंच वर चढतं आणि धरण तो भार पेलतंच, हे त्यांनी हेरलं. मग त्या पातळीपर्यंत पाणी अडवून धरलं तर भिंतीवर नवा भार येत नाही. त्यांनी सांडव्यावर सुमारे आठ फूट पाणी अडवणारे दरवाजे बसवले. दरवाज्यांना प्रतिभाराची जोड होती. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की पाण्याच्याच जोराने तोल बदलायचा आणि दरवाजे उघडायचे. पातळी उतरली की आपोआप बंद. वीज नाही, रात्री पावसात धावणारा माणूस नाही. साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. ही १९०३ सालची गोष्ट. पेटंट त्यांच्या नावावर झालं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर असे दरवाजे बसले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे भाटघरचे दरवाजेही सरसकट त्यांच्याच नावावर सांगतात. पण भाटघरच्या पहिल्या धरणावर रेनॉल्ड नावाच्या इंजिनिअरचे आपोआप चालणारे दरवाजे त्याआधीच होते. आज दिसतं ते १९२८ च्या सुमारास पुरं झालेलं लॉईड धरण. त्याला ८१ दरवाजे, त्यांतले ४५ स्वयंचलित. धरण भरलं की एकदा मुलांना न्याच, पण लांबून दाखवा.

भाटघरच्या पाण्याशी विश्वेश्वरय्यांचा खरा संबंध खाली, नीरा कालव्यावर येतो. सगळं पाणी ऊसवाल्या थोड्या शेतांनी पिऊ नये, गावागावांत गट पाडून पिकं आलटून-पालटून घ्यावीत, अशी ब्लॉक पद्धत त्यांनी तिथे आणली. धरण भोरात आणि हिरवं शिवार बारामतीकडे, हा आपल्या पोरांचा सल आहेच. तो या पद्धतीने काही मिटला नाही.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. मुसा नदीच्या महापुरानंतर हैदराबादला सल्ला दिला, मग म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ ते १९१८ दिवाण झाले. कृष्णराजसागर तेव्हाचा, सिमेंटऐवजी सुरखी-चुन्यात बांधलेला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

शेवट सांगताना मी वेल्ह्याला परत येतो. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं, तोच पावसाने तलाव भरला. पाणी सोडायच्या मोरीचं काम कच्चं होतं. मोरीवरचा भराव खचत गेला, पाणी माथ्यावरून वाहू लागलं, आणि मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते कापलंच जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि सहा दशकांपूर्वी विश्वेश्वरय्यांनी ज्याचा साठा इतका तोलूनमापून वाढवला होता ते धरणही फुटलं. पुणं बुडालं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीच्या घरात, बंगळुरात. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, ते गेले.