काकासाहेब गाडगीळ : स्वतंत्र देशाचे पहिले बांधकाम मंत्री

तालुक्याच्या गावात नगरपंचायत झाली की शहरी आवास योजनेतल्या घरकुलाचा केंद्राचा हिस्सा दिल्लीच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाकडून येतो. केंद्र सरकारच्या इमारती बांधणारा सार्वजनिक बांधकाम विभागही याच मंत्रालयाखाली आहे. स्वातंत्र्यानंतर हा विभाग पहिल्यांदा सांभाळला तो पुण्याच्या नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळांनी.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, वकील झाले, पण १९२० पासून काँग्रेसच्या कामात पडले ते कायमचेच. आठ वेळा तुरुंगवास झाला. १९३४ ला केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले.

१५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंच्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज खातं त्यांच्याकडे आलं. दोनच महिन्यांत काश्मीरवर हल्ला झाला. काश्मीरचे जुने चालते रस्ते फाळणीने पाकिस्तानात गेलेले. फौज आणि रसद पोचवायची तर पठाणकोटहून जम्मूकडे पक्का रस्ता हवा होता. ते काम काकासाहेबांच्या खात्याने अंगावर घेतलं. त्याच नोव्हेंबरात सरदार पटेलांबरोबर ते सोमनाथला गेले आणि मंदिर पुन्हा उभारायचं ठरलं.

१९४८ चा वीजपुरवठा कायदाही त्यांच्याच खात्याचा. पुढे राज्याराज्यांत वीज मंडळं झाली ती या कायद्याने. गावोगावी पोचलेल्या विजेच्या तारांचं मूळ तिथं आहे.

१९५२ नंतर मंत्रिपद राहिलं नाही, पण पुण्याचे खासदार म्हणून ते लोकसभेत होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी तिथे ठणकावून मांडली. पक्ष मात्र सोडला नाही. त्याची किंमत १९५७ ला मोजावी लागली, पुणेकरांनी ना. ग. गोरे यांना निवडून दिलं.

१९५८ ते १९६२ ते पंजाबचे राज्यपाल होते. चंदीगड शहर तेव्हा उभं राहत होतं. १९६२ ला साताऱ्याच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू असतानाच, सत्तरी पूर्ण करून दोन दिवस झाले होते तेव्हा, १२ जानेवारी १९६६ ला त्यांचं निधन झालं.