जकार्ता जिंकणारे मास्तर

एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटात अजय देवगणने रंगविलेला प्रशिक्षक अनेकांना काल्पनिक वाटला असेल. तिकीटबारीवर चित्रपटाला फारसे यश मिळाले नाही, पण सय्यद अब्दुल रहीम हे नाव त्यामुळे पुन्हा चर्चेत आले, हेही नसे थोडके. एके काळी या नावाचा दरारा मुंबईच्या कूपरेज मैदानानेही अनुभवला होता. रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक मुंबईहून हैदराबादला नेला.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी शाळामास्तरकी पत्करली. मैदानावरही त्यांच्यातला मास्तर कधी सुटला नाही. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद हाती येताच त्यांनी मुलांसाठी आगळ्या स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवायला मनाई असे, तर दुसरीत फक्त कमकुवत पायानेच खेळायचे. चेंडू लगेच सहकाऱ्याकडे द्यावा आणि दोन्ही पाय सारखेच तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू. कसरतबाज वैयक्तिक खेळावर टाळ्या पडण्याच्या त्या काळात ही शिस्त प्रेक्षकांना रुक्षच वाटली असेल.

१९५० मध्ये राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. त्याचा आनंद फार टिकला नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. त्या थंडीत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. या नामुष्कीनंतर देशात बूट सक्तीचे झाले. रहीम यांनी तर त्याहून पुढचा धडा घेतला. त्या वेळी हंगेरीचा संघ जगाला नवा खेळ शिकवत होता. ती मांडणी त्यांनी बारकाईने अभ्यासली आणि भारतीय खेळाडूंच्या वकुबाप्रमाणे घडवून घेतली.

त्याचे फळ १९५६ मध्ये मेलबर्नला दिसले. हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच पार पडली, ही नशिबाची साथ मान्य करायला हवी. मात्र यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर ४-२ असे नमविण्यात नशिबाचा वाटा नव्हता. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा नेव्हिल डिसूझा त्या सामन्यात हॅटट्रिक करून गेला. ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. पदक मात्र हुकले आणि संघ चौथा आला.

यानंतरचे जकार्ता. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला खरा, पण बचावाचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला खोक पडून टाके घालावे लागले. त्यातच यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्यावर भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी स्पर्धेच्या ‘आशियाई’ या नावालाच हरकत घेतली. जकार्ता भडकले, भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. ज्या वादाशी खेळाडूंचा काडीचा संबंध नव्हता, त्याचा राग आता त्यांना भर मैदानात सोसायचा होता.

अशा वेळी रहीम यांनी धाडस केले. जखमी जर्नेलला बचावातून काढून त्यांनी थेट आघाडीला आणले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने गोल केला आणि चुनी गोस्वामीच्या संघाने ३-२ अशी बाजी मारली. ४ सप्टेंबरला अंतिम लढतीत समोर पुन्हा कोरिया. फ्लूने अंथरुणाला खिळलेला गोलरक्षक पीटर थंगराज संघात परतला होता. सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या हुर्योत सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने आणि विसाव्या मिनिटाला टाके घातलेल्या जर्नेलने गोल केला. कोरियाला अखेरीस एकच गोल फेडता आला. भारताच्या पुरुष संघाला आशियाई स्पर्धेत त्यानंतर सुवर्णपदक मिळालेले नाही. १९७० मध्ये बँकॉकला मिळालेले कांस्य हेच शेवटचे पदक.

रहीम जकार्ताहून परतले आणि नऊ महिन्यांतच, ११ जून १९६३ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचा घास घेतला. वय अवघे त्रेपन्न. उत्तम प्रशिक्षकांना गौरविणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नावारूपाला आले. वडिलांवरचा चित्रपट पडद्यावर पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, चित्रपट रखडलेला असतानाच, त्यांचे निधन झाले.