बैल तेच, ओढ हलकी : सागरेश्वरच्या डोंगरापलीकडं कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

कडेगाव : भरलेली पिकअप चढणीला धापा टाकू लागली की, इंजिन कमी पडतंय, असंच सगळे म्हणतात. पण कसलेला मिस्त्री आधी क्लच बघतो, गिअरबॉक्स बघतो, मागचा क्राऊन बघतो. ताकद इंजिनात असते, पण ती ओझ्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा मधे असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, बैल हेच शेतकऱ्याचं इंजिन होतं तेव्हा, याच गोष्टीपायी एका माणसानं आयुष्य घातलं. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

20 जून 1869 रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. शाळेत मन रमेना, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलायची आवड. थोरले बंधू रामूअण्णांच्या आधारानं ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं, की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न संपलं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले.

सुट्टीच्या वेळात कारखान्यांतून यंत्रं बघायची, त्यांची पुस्तकं वाचायची, हा त्यांचा नाद. सायकल तेव्हा नवलाची वस्तू. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात भावानं त्या विकायच्या, असा धंदा दोघांनी सुरू केला. पुढं नोकरीत हक्काची बढती डावलली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

सायकलच्या दुकानातून ते शेतीच्या अवजारांकडं वळले. आधी कडबाकुट्टी केली. जड चाक, त्याला पाती, कडबा पुढं ढकलायला दातेरी चक्रं. हात माणसाचाच, पण चाकानं एकदा गती धरली की काम झपाझप होई. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

त्या काळी काळ्या रानात जड लाकडी नांगराला बैलांच्या दोन-तीन जोड्या, कधी त्याहून जास्त लागत. लाकडी नांगर माती फोडतो, पण उलटी टाकत नाही. लोखंडी नांगर माती कापतो आणि ती पालथी करतो. हरळीच्या मुळ्या वर येतात. फाळाची धार, त्याचा कल आणि साखळी कुठं जोडायची, हे जमलं की बैलांच्या खांद्यावरचा ताण उतरतो. फाळ झिजला तर सोडवून नवा बसवता येतो.

एवढं असूनही नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, ही लोकांची पक्की समजूत. दोन वर्षं नांगर पडून राहिले. शेवटी रानात चालवून दाखवल्यावर हळूहळू विश्वास बसला.

धंदा जरा सावरतोय तोच दुसरं संकट आलं. बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा लक्ष्मणरावांकडं औंधला देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचं काम होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनजवळचा तो 32 एकरांचा माळ, निवडुंगानं भरलेला, सापांचा. मार्च 1910 मध्ये थोडे कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन लक्ष्मणराव तिथं उतरले. निवडुंग तोडला, घरं बांधली, भट्टी पेटवली. त्याच माळाची किर्लोस्करवाडी झाली.

या वस्तीत शिवाशिवीला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी राखणीचं काम विश्वासानं सोपवलं.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे थांबले. मागणी वाढली, पण कच्चं लोखंड आणि कोळसा मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. लढाईचं लोखंड नांगर होऊन शेतात गेलं.

पुढं ऊस गाळायचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप अशी एकेक वस्तू वाडीत तयार झाली. 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली आणि मोटेवरचा बैल सुटायला मदत झाली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 मध्ये जन्मशताब्दीला सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आज कडेगाव तालुक्यातला ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीनं वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडं जातो. चढण आली की ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. वेग कमी होतो, चाकाची ओढ वाढते आणि त्याच इंजिनावर ओझं चढतं. मधली यंत्रणा नीट असली की आहे ती ताकद पुरते, हे लक्ष्मणरावांनी बैलजोडीच्या काळात नांगर चालवून दाखवलं होतं.