फादर थॉमस स्टीफन्स आणि मराठी ख्रिस्ती घरांतील ग्रंथ

वाशिम जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या ओवीबद्ध ‘गुरुचरित्रा’चे पारायण आजही घरोघर होते. एकाने वाचावे व इतरांनी बसून ऐकावे, ही मराठी माणसाची जुनी रीत. ती ओळखून मराठी ख्रिस्ती भाविकांना त्यांच्या जिव्हाळ्याचा ग्रंथ ज्यांनी दिला, ते फादर थॉमस स्टीफन्स मात्र जन्माने इंग्रज होते.

इ. स. 1549 च्या सुमारास विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिकांचा छळ होत होता. त्यांनी मायदेश सोडला, 1575 साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला आणि 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरमध्ये गोवा गाठले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत सेवाकार्य केले.

साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची एक अडचण होती. जुनी पुराणे त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती आणि त्यांच्या जागी हाती काहीच नव्हते. मग आमच्यासाठी तसेच एखादे पुराण का करीत नाही, अशी एका श्रोत्याने केलेली विचारणा ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. फादरांनी ही मागणी रास्त मानली, हे त्यांचे मोठेपण. त्या काळी असे मन विरळाच!

त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. मिळून सुमारे 11 हजार ओव्या. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले आणि मराठीची थोरवी मनापासून गायिली. ऐकणाऱ्याला ग्रंथ परका वाटला नाही, याचे रहस्य या ओवीत आणि या ओळखीच्या शब्दांत आहे. देशी लिपीत ग्रंथ छापावा अशी इच्छा त्यांनी 1608 च्या पत्रात व्यक्त केली होती. परंतु खिळे पाडणे अवघड होते, म्हणून 1616 साली राशोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. 1619 मध्ये फादरांनी गोव्यातच देह ठेवला.

1649 व 1654 साली ग्रंथ पुन्हा छापला गेला. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, म्हणजे नकलून घेणाऱ्या वाचकांमुळे. मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना टिपू सुलतानाने 1784 साली श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे परंपरा सांगते. 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून तो पुन्हा छापला. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली.

जुनी भाषा पाहून वाचकांनी बिचकू नये. दुसऱ्या पुराणापासून आरंभ करावा, कारण त्यातील कथा आपल्या परिचयाच्या आहेत. आणि मनात न वाचता मोठ्याने वाचावे. चार ओव्यांनंतर अर्थ आपोआप उलगडू लागतो.