रहीम साब आणि महिन्याचा पगार

‘मैदान’ बघितलाय ना? अजय देवगणचा, एप्रिल २०२४ मध्ये आलेला. आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना त्याआधी सय्यद अब्दुल रहीम हे नावही माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही नव्हतं.

गंमत बघा, पिक्चर लागला त्याच महिन्यात याच रहीम साबच्या गावचा क्लब, हैदराबाद एफसी, आयएसएलच्या तक्त्यात सगळ्यात खाली राहून सीझन संपवत होता. २२ मॅचमधली जिंकली एक. एकूण पॉइंट ८. आणि दोनच वर्षांपूर्वी, मार्च २०२२ मध्ये, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हाच क्लब चॅम्पियन झाला होता. मधल्या काळात पोरं फुटबॉल विसरली नव्हती. त्यांचे पगार थकले होते.

म्हणून रहीम साबची गोष्ट आज पगाराच्या बाजूनं सांगते. जकार्ताचं गोल्ड येईलच, पण जरा थांबा.

आधी एक गोष्ट. रहीम साब आपल्याला लांबचे नाहीत. ते १७ ऑगस्ट १९०९ ला हैदराबादमध्ये जन्मले तेव्हा तुमचं-माझं नांदेड आणि लातूर निजामाच्याच राज्यात होतं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही आपल्याकडं कुणाला मोठं दुखणं झालं की घरात पहिलं नाव हैदराबादचंच निघतं, मुंबईचं नाही. रहीम साब ज्या उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि ज्याच्या टीममधून खेळले, तिथंच त्या काळी मराठवाड्यातली पोरंही कॉलेजला जायची.

रहीम साब पेशानं शाळामास्तर. शाळेत शिकवायचं, शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमाही घेतलेला, आणि संध्याकाळी फुटबॉल. पुढं हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस या टीमचे कोच. त्यानंतर काय झालं ते आकड्यातच वाचा: १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं, मुंबईचा रोव्हर्स कप या पोलिसांनी नेला. बड्या क्लबांना हे हैदराबादी शिपाई येऊन हरवायचे. १९५० मध्ये डुरँड कपही नेला.

हे जमलं कसं? टॅक्टिक्स तर होतीच. एकट्यानं बॉल घेऊन पळण्याची सवय मोडावी म्हणून रहीम साब लहान पोरांच्या अशा स्पर्धा भरवायचे, जिथं ड्रिबलिंगलाच बंदी. बॉल आला की पास द्यायचा, विषय संपला. ज्याचा डावा पाय कच्चा, त्यानं डाव्याच पायानं खेळायचं. आज युट्यूबवर कोच लोक हेच शिकवतात आणि सबस्क्राइब करा म्हणतात.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. सिटी पोलीसच्या खेळाडूला पोलीस खात्यात नोकरी होती. गुडघा गेला, फॉर्म गेला, मॅच हरली, तरी एक तारखेला पगार. फार नव्हता, शिपायाचाच होता. पण घरी आईला पैसे पाठवता येतील का, ही धाकधूक बुटात घेऊन पोरगा मैदानात उतरत नव्हता. गरीब घरातल्या पोराला फुटबॉल परवडत होता तो यामुळं. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम हा असाच एक. सरावाला हैदराबादला यायला त्याच्याकडं पैसे नव्हते, तर रहीम साबनी त्याच्या भाड्याच्या सायकलचे पैसे स्वतः दिले. हा बलराम पुढं देशासाठी दोन ऑलिंपिक खेळला.

देशाची टीमही रहीम साबकडंच होती. १९५१ ला दिल्लीच्या पहिल्या एशियन गेम्समध्ये इराणला १-० हरवून गोल्ड. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार. (अनवाणी खेळणारी आपली पोरं, थंडी आणि ओलं मैदान. बुटांची सक्ती आली ती त्यानंतर.) १९५६ ला मेलबर्नमध्ये आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक मारली आणि भारत ऑलिंपिकच्या सेमीफायनलला पोचला. आशियातला पहिलाच देश. शेवटी चौथा नंबर. त्या टीममध्ये नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ, बलराम, अशी हैदराबादची किती नावं आहेत बघा.

आणि मग १९६२, जकार्ता. रहीम साब तोवर आजारानं आतून पोखरले गेले होते. फुफ्फुसाचा कॅन्सर. पहिलीच मॅच कोरियाशी, २-० नं हरलो. त्यानंतर थायलंड, जपान, दक्षिण व्हिएतनाम असे एकेक गेले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, मूळच्या डिफेंडरला, रहीम साबनी पुढं फॉरवर्डला लावलं. ४ सप्टेंबरला फायनल, पुन्हा तोच कोरिया. भारतावर चिडलेलं अख्खं स्टेडियम हुर्यो उडवतंय. पी. के. बॅनर्जीचा एक गोल, जर्नेलचा एक, स्कोअर २-१. एशियन गेम्समधलं फुटबॉलचं आपलं शेवटचं गोल्ड ते हेच. ११ जून १९६३ ला रहीम साब गेले. वय अवघं ५३.

पिक्चर इथं संपतो. खरी भानगड पुढं आहे.

रहीम साब गेले आणि हैदराबादचं फुटबॉल हळूहळू खाली आलं. लगेच नाही, १९६५-६६ ची संतोष ट्रॉफी आंध्रनं जिंकलीच. पण असोसिएशनमध्ये भांडणं लागली, पोलिसांत खेळाडूंची भरती आटली, आणि नवीन पोरांना त्या मैदानाकडं जायचं कारणच उरलं नाही. म्हणजे जुनी व्यवस्था फार भारी होती, असं म्हणून मी मोकळी होऊ शकत नाही. पगार सरकारी होता खरा, पण बाकी सगळा डोलारा एका माणसाच्या जिवावर उभा होता. तो माणूस गेला की पुढं काय, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आता आजचं बघा. हैदराबाद एफसी आला कुठून माहितीये? पुण्यातून. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी, ज्याचा एकेकाळी हृतिक रोशन सहमालक होता, पैशाअभावी २०१९ ला बंद पडला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. (त्याआधी २०१० ला मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २०१५ ला पुणे एफसी, असे दोन मराठी मुलखातले क्लब आधीच बंद झालेले.) मग हैदराबादचे पैसे थकले. फिफानं बंदी घातली ती नवे खेळाडू घेण्यावर. जुन्यांचे पैसे त्यानं आपोआप सुटत नाहीत, उलट उरलेल्या कोवळ्या पोरांनाच मार खायला मैदानात उतरावं लागतं. फेडरेशनचं क्लब लायसन्सिंग आहे, हिशेब तपासतात, पण नापास झालेल्याला सूट देऊन खेळवलेलंही आपण पाहिलंय. आपल्याकडं केटी लागली तर पुढच्या वर्गात तरी बसू देतात, इथं तर थेट पासच!

२०२४ ला नवा मालक आला आणि २०२५ ला तोच क्लब उठून दिल्लीला गेला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं. त्याच वर्षी जुलैमध्ये लीग चालवण्याच्या करारावरून आख्खी आयएसएलच अडकली आणि बेंगळुरूसारख्या क्लबनंही पगार थांबवले.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. हैदराबाद एफसी जन्मला त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडमधला १८८५ चा बरी हा क्लब मालकाच्या कारभारापायी लीगमधून हाकलला गेला. तिथं पुढं २०२५ ला संसदेनं कायदा केला, क्लबच्या मालकावर आणि हिशेबावर नजर ठेवायला स्वतंत्र नियामक नेमला. आपल्याकडं अजून तसं काही नाही.

पुणे, हैदराबाद, दिल्ली. मालक बदलले, जर्सी बदलल्या, नावंही बदलली. गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये पिवळे शर्ट घालून ओरडणारी पोरं मात्र हैदराबादलाच राहिली. त्यातली काही आपल्या नांदेडची आहेत, शिकायला तिकडं गेलेली. सध्या ती कुणाची मॅच बघतात, ते विचारा एकदा.