टोपीची पिन, मोज्याचा पट्टा आणि मोची : गॅरेज नसलेल्या जगात गाडी दुरुस्त करत १०४ किलोमीटर गेलेली बर्था बेंझ

अंधेरीच्या फ्लायओव्हरवर संध्याकाळचं ट्रॅफिक, बोनेटमधून वाफ आणि मागून हॉर्नचा भडिमार. किंवा घाटकोपरहून मुलुंडकडे जाताना ब्रेक दाबला आणि पेडल नुसतंच खाली गेलं. कशीबशी गाडी बाजूला घेतली की आपण पहिला फोन मेकॅनिकला लावतो.

पण जगात एकही गॅरेज नव्हतं, पेट्रोल पंप नव्हता, तेव्हा भर रस्त्यात गाडी बिघडली तर काय? १८८८ मध्ये एका बाईवर ही वेळ आली. तीही एकदा नाही, चार-पाच वेळा. तिचं नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. कार्ल बेंझ या इंजिनिअरशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा भागीदारामुळे कार्लचं वर्कशॉप बुडायच्या बेतात होतं. बर्थाने आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि ते वर्कशॉप वाचवलं. १८७२ मध्ये लग्न झालं. २९ जानेवारी १८८६ ला कार्लने तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पैसा बर्थाचा होता, पण पेटंटवर नाव एकट्या कार्लचं.

गाडी तयार झाली, पण गिऱ्हाईकच मिळेना. घोड्याशिवाय चालणाऱ्या या यंत्रावर कोण भरवसा ठेवणार? कार्ल सुधारणा करत बसला होता. शेवटी बर्थानेच निर्णय घेतला.

ऑगस्ट १८८८. युजीन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन तिने पहाटे गाडी बाहेर काढली. कार्लला काहीच सांगितलं नाही. मानहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी जायचं होतं. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. तोवर ही गाडी एवढ्या लांब कधीच गेली नव्हती.

अडचणी लगेच सुरू झाल्या. इंधन संपत आलं. ही गाडी लिग्रोइन नावाच्या द्रवावर चालायची आणि ते औषधाच्या दुकानात मिळायचं. विस्लॉख गावातल्या दुकानातून तिने ते घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

मग इंधनाच्या नळीत कचरा अडकला. बर्थाने टोपीची पिन काढून नळी साफ केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तर मोजे घट्ट बसवायचा पट्टा काढून त्यावर गुंडाळला. चेन बिघडली तेव्हा लोहार गाठला. इंजिन तापायचं, म्हणून वाटेत जागोजागी पाणी भरलं. चढ आला की मुलं खाली उतरून गाडी ढकलायची.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे ब्रेक. लाकडी ब्रेक उतारावर घासून झिजले होते. बाउशलॉट गावात तिने मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला ब्रेक लायनर म्हणतो, त्याची सुरुवात इथून झाली असं मानलं जातं.

अंधार पडता पडता ती माहेरी पोहोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आली. येताना तिच्याकडे गाडीतल्या दोषांची यादीच होती. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही सूचना त्यातलीच. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९९ मध्ये बेंझ कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या आणि ती जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी ठरली. बर्था ५ मे १९४४ ला, ९५ व्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी गेली.

आजच्या गाडीत टोपीची पिन कामाला येणार नाही. पण बर्थाची पद्धत आजही उपयोगी आहे : घाबरायचं नाही, नेमकं काय बिघडलंय ते ओळखायचं आणि हाताशी असलेलं वापरायचं. ब्रेक लागत नसेल तर पेडल भराभर दाबून सोडा, एकेक करत खालचा गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि पार्किंग लाइट लावून डाव्या कडेला या. चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं. इंजिन तापलं असेल तर ते थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आणि सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक ब्रेक झिजलेत म्हणाला, तर ते काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. बर्थानेही उतार संपायची वाट पाहिली नव्हती.